बाप-लेकाची पहिली गाडी : दिवसा दुकान, रात्री बिछाना

रमजान ईदचा सीझन उरकला की आम्हा कापडवाल्यांना श्वास घ्यायला थोडी फुरसत मिळते. २०२५ च्या ईदनंतर अशाच एका गुरुवारी, असरच्या नमाजनंतर, आमचे एक जुने गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. सोबत चौदा वर्षांचा मुलगा होता. हे गृहस्थ अहिल्यानगरहून आठवडी बाजार करतात. सोमवारी बेल्हे, शुक्रवारी घोडेगाव, शनिवारी काष्टी. लहान मुलांचे रेडिमेड, गाऊन, टॉवेल, चादरी असा माल. अठरा वर्षे आमच्याकडून उधारीवर माल उचलतात आणि आजवर त्यांचा वायदा एकदाही चुकलेला नाही.

ते म्हणाले, "शेठ, यंदा स्वतःची गाडी घ्यायची ठरवली आहे. टेम्पोचे भाडे परवडत नाही. बाजार ऐन रंगात आला की टेम्पोवाला घाई करतो. गाडी आली की या पोराला कायमचा सोबत घेतो. नववी झाली, तेवढी बस झाली."

मुलगा काही बोलला नाही. खाली मान घालून समोरच्या चादरीची घडी नीट करत राहिला.

आमच्यापुढे दोन सवाल आले. गाडी कोणती घ्यावी हा एक, आणि मुलाचे काय करावे हा दुसरा. वरवर पाहता हे दोन वेगळे मसले आहेत. पण पुढच्या दोन महिन्यांत आमच्या लक्षात आले की पहिल्याचा जवाब नीट शोधला तर दुसऱ्याचाही मिळतो. बाजार करणाऱ्या आमच्या कितीतरी बांधवांपुढे हाच पेच असतो, म्हणून तो तजुर्बा येथे मांडत आहोत.

कॅम्पर म्हणजे काय?

आपल्याकडे 'कॅम्पर' म्हटले की महिंद्राची दोन रांगांची पिकअप डोळ्यांसमोर येते. परदेशात मात्र कॅम्पर म्हणजे जिच्यात रात्री झोपता येते अशी गाडी. सुट्टीत आई-बाप मुलांना घेऊन तिच्यातून फिरतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पुष्कळांना ही श्रीमंतांची चैन वाटते. पण 'कॅराव्हॅन' हा शब्द आला तो फारसीतल्या 'कारवाँ'वरून. उर्दू शाळेत शिकलेल्या कोणालाही तो परका नाही. कारवाँ चैनीसाठी निघत नसे, तो तिजारतीसाठी निघे. त्याच्यासाठी वाटेवर सराया बांधल्या जात. कुरैशांच्या हिवाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या सफरींचा उल्लेख कुरआनात आहे. हुजूर (स.) लहान असताना चाचा अबू तालिब यांच्यासोबत तिजारतीच्या काफिल्यातून शामच्या सफरीला गेल्याचे सीरतच्या किताबांत येते. घरच्या मोठ्या माणसाने मुलाला बाजाराच्या वाटेवर सोबत नेणे ही काही आजची गोष्ट नव्हे.

तेव्हा आमच्या धंद्यातली कॅम्पर म्हणजे दिवसा जिच्यातून माल विकता येतो आणि रात्री जिच्यात दोन माणसे पाठ टेकू शकतात अशी गाडी. फ्रीज, पंखा, पडदे यांची तिला गरज नाही. झोपेची मात्र आहे. का, ते आमच्यावर गुजरले आहे.

आमची चूक

२००८ साली होळीच्या सुमारास आम्ही सैलानीच्या यात्रेत दुकान लावले होते. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. शेवटच्या दिवशी विक्री चांगली झाली. रात्री अकराला माल भरला आणि "सकाळी घरी पोचू" म्हणून निघालो. दिवसभर उभे होतो, आदल्या रात्री तीन तासही झोप नव्हती. जालन्याच्या अलीकडे पहाटे डोळा लागला. जाग आली ती चाकांखाली खडी वाजल्याने. गाडी रस्ता सोडून बाभळीला अडली होती. मागचे गठ्ठे पुढे येऊन मुलाच्या पाठीवर पडले होते आणि त्याच्या कपाळातून रक्त वाहत होते. सात टाके पडले. अल्लाहने वाचवले. मुलगा आज आमच्या गल्ल्यावर बसतो. टोपी मागे सरकली की ती खूण अजून दिसते.

त्या गाडीत झोपायला जागा नव्हती असे नाही. जागा होती, पण तिच्यात माल कोंबलेला होता. आणि थांबायचे असते हे आम्हाला मान्य नव्हते. तेव्हापासून आमचा एक नियम आहे. बाजार उठल्यावर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. इशा पढून झोपायचे, फजर पढून निघायचे. हा नियम पाळायचा तर गाडी झोपू देणारी हवी. म्हणून आम्ही त्या गृहस्थांना प्रथम हीच हकीकत सांगितली आणि मग गाड्यांकडे वळलो.

आधी गरज मोजा

कापड घेताना आपण काय करतो? हात फिरवतो, पन्हा मोजतो, उजेडात धरतो. मग भाव विचारतो. गाडीच्या बाबतीत मात्र आमचे बांधव शोरूममध्ये जाऊन आधी हप्ता विचारतात. हा उलटा कारभार आहे. आम्ही त्यांना कागदावर पाच गोष्टी लिहायला सांगितल्या.

पहिली, वजन. त्यांचा पूर्ण माल तोलला तेव्हा २६० किलो भरला. वर बांबू, ताडपत्री, टेबल, हँगरचा स्टँड मिळून ४० किलो. म्हणजे एक टन उचलणारी गाडी त्यांना लागतच नव्हती. कापड जागा खाते, वजन खात नाही.

दुसरी, चालवणारा. त्यांनी लायसन्स काढून एक वर्षही झाले नव्हते. त्यामुळे गाडी अरुंद, वळायला हलकी आणि चारी बाजूंनी नजरेत येणारी हवी. बाजारतळावरच्या बोळांतून मागे घेता आली पाहिजे.

तिसरी, चढवणे-उतरवणे. एका माणसाला एकट्याने माल भरता आला पाहिजे. ही अट आम्ही मुद्दाम घातली. तिचे कारण पुढे येईल.

चौथी, दोघांची झोप. बापाची उंची साडेपाच फूट. मुलगा वाढीला लागलेला.

पाचवी, दुरुस्ती. घोडेगावात बंद पडली तर घोडेगावातल्या मिस्त्रीला ती खोलता आली पाहिजे.

चार प्रकारच्या गाड्या

जुनी मारुती व्हॅन, म्हणजे ओम्नी. १९८४ साली आलेली ही गाडी २०१९ मध्ये बनायची बंद झाली. इंजिन ७९६ सीसीचे. स्वस्तात मिळते, कोणताही मिस्त्री ती दुरुस्त करतो, बाजूचे दार सरकते असल्याने दुकान लावायला बरी. पण आता मिळणाऱ्या बहुतेक ओम्नी थकलेल्या आहेत. दाराखालची पट्टी आणि मागचा पत्रा गंजलेला निघतो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करून नव्याने करावी लागते, तोही खर्च धरावा. ड्रायव्हरच्या पायांपुढे फक्त पातळ पत्रा आणि एअरबॅग नाही. मुलगा शेजारी बसणार असेल तर आम्ही ती सुचवणार नाही.

ईको. ही मारुतीचीच, २०१० पासूनची. इंजिन ११९७ सीसी पेट्रोल, सीएनजीतही मिळते. लांबी ३६७५ मिलिमीटर, रुंदी १४७५, म्हणजे पिकअपपेक्षा बरीच आखूड आणि अरुंद. पाच सीटची येते आणि दोन सीटची कार्गोही येते. कार्गोत मागे सपाट जागा असते आणि सीटमागे जाळी असते. ब्रेक मारला तर माल माणसांवर येत नाही. मागचा तळ खाली असल्याने गठ्ठा कमरेच्या वर उचलावा लागत नाही. उणे बाजू अशी की इंजिन पुढच्या सीटखाली आहे, त्यामुळे उन्हाळ्यात बूड तापते आणि तेल-पाणी पाहायला सीट उचलावी लागते. भरलेली गाडी घाटात दमाने न्यावी लागते.

छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस आणि तिच्या जातीच्या गाड्या. २००५ साली आलेल्या एसने छोट्या व्यापाऱ्यांची दुनिया बदलली हे खरे. भाजी, फरशी, सिमेंट, भंगार यांच्यासाठी तिच्यासारखी गाडी नाही. पण कापडाला धूळ आणि पाऊस हे दोन दुश्मन. उघड्या हौद्यावर ताडपत्री कितीही कसली तरी जुलैत गठ्ठ्याचा कोपरा भिजतोच. झोपायचे तर मालावर ताडपत्रीखाली. केबिनमध्ये पाय पसरता येत नाहीत.

महिंद्रा बोलेरो कॅम्पर. नावानेच कॅम्पर. दोन रांगा, पाच माणसे, मागे हौदा, डिझेल इंजिन, वजन उचलायला दणकट. खराब रस्त्याची फिक्र नाही. पण किंमत जास्त, लांबी जास्त, हौदा उंच. मागच्या सीटवर एक माणूस अंग मुडपून झोपेल, दुसऱ्याला हौद्यातच जावे लागेल. ज्यांचा माल जड आहे, कारागीर सोबत न्यायचे आहेत, उदाहरणार्थ फॅब्रिकेशनवाले किंवा मंडपवाले, त्यांना ती शोभते. नुकतेच लायसन्स काढलेल्या एका बापाला आणि एका शाळकरी मुलाला ती मोठी होते.

पाचही गोष्टी समोर ठेवल्या तेव्हा कौल ईकोसारख्या बंद व्हॅनच्या बाजूने पडला. ती सर्वांत चांगली गाडी आहे असे आमचे म्हणणे नाही. पहिली गाडी म्हणून ती सोपी आहे, एवढेच.

घेण्याआधी एक रात्र झोपा

आम्ही त्यांना लगेच सौदा करू दिला नाही. ओळखीच्या एका बांधवाची तशीच व्हॅन दोन बाजारांसाठी भाड्याने घ्यायला लावली. शुक्रवारी रात्री बाप-लेक काष्टीला पोचले आणि गाडीत झोपले. शनिवारी संध्याकाळी आम्ही फोन केला तेव्हा बाप म्हणाला, "जागा कमी आहे." मागून मुलाचा आवाज आला, "चाचा, जागा कमी नाही. माल आडवा भरला होता. उभा भरला तर फळी बसते."

त्याने वहीच्या पानावर नकाशा काढला होता. गठ्ठे व पत्र्याच्या पेट्या एकाच उंचीच्या, दीड फुटाच्या ठेवायच्या. दोन्ही बाजूंना लाकडी घोड्या. त्यांच्यावर पाऊण इंची प्लायचे तीन तुकडे टाकायचे. झाला पलंग. खाली माल, वर माणसे. वर बसता येत नाही, पण झोपता येते. सकाळी त्याच तीन फळ्या बाहेर घोड्यांवर टाकल्या की माल मांडायचे टेबल. दुसऱ्या बाजारात त्यांनी हे करून पाहिले आणि वेगळे टेबल न्यायची गरजच संपली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फळ्या सुट्ट्याच ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओच्या मंजुरीशिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. सीट काढून टाकणे, छत उंच करणे, पलंग वेल्डिंग करणे, बाहेरून गॅस किट बसवणे या गोष्टी "सगळेच करतात" म्हणून करू नयेत. अपघात झाला की विमा कंपनी प्रथम हेच शोधते. आणि गाडी चालू असताना फळीवर कोणीही झोपायचे नाही, मुलाने तर नाहीच. चालत्या गाडीत दोघेही पुढच्या सीटवर, पट्टा लावून. आमच्या मुलाच्या कपाळाची खूण आम्हाला हेच सांगते.

झोपेत जीव जाऊ नये

डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मरण पावलेली आढळली. जनरेटरचा विषारी वायू आत शिरला होता. या वायूचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. म्हणून काही गोष्टी पक्क्या ठरवाव्या. थंडी असो वा उकाडा, इंजिन चालू ठेवून झोपायचे नाही. शेगडी, स्टोव्ह, कोळसे गाडीत न्यायचे नाहीत, विझत आलेले निखारेसुद्धा नाही. कापडाच्या गाडीत मच्छर अगरबत्तीही नको, एक ठिणगी सगळे भांडवल खाते. दोन्ही बाजूंच्या काचा दोन-दोन बोटे उघड्या ठेवा आणि मच्छरदाणीचे कापड लावा. जाळीचे कापड आमच्या धंद्यात काही महाग नाही. चहा बाहेर, उघड्यावर करा.

गाडी हायवेच्या कडेला कधीही लावू नका. पेट्रोलपंपावर विचारून, बाजार समितीच्या आवारात, मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या अंगणात विश्वस्तांना सांगून लावा. मशिदीजवळ लावली तर पाण्याची, वुजूची आणि फजरला उठायची सोय आपोआप होते. वीस लिटरचा पाण्याचा कॅन, लोटा, जानमाज, टॉर्च, एक जाड सतरंजी आणि दोन चादरी, एवढे सामान पुरे आहे.

जुनी गाडी कशी पाहावी

त्यांना नवी गाडी झेपणारी नव्हती, म्हणून वापरलेली, कंपनीच्या सीएनजीची कार्गो शोधली. पहिली गाडी एका दलालाने दाखवली. रंग चकाचक. आमच्या मुलाने रबरी पायपोस उचलले तर खाली पत्रा कुजलेला. दुसरीचा भाव कमी होता, पण नोंदणीच्या कागदावर कर्ज देणाऱ्या संस्थेचा बोजा तसाच होता. तिसरी घेतली. या फिरण्यातून काढलेली यादी अशी आहे.

चेसिस नंबर गाडीवर आणि कागदावर स्वतः ताडून पाहा. बोजा असेल तर तो उतरवल्याशिवाय बयाणा देऊ नका. बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि नाव बदलायला फॉर्म २९ व ३० लागतात. थकलेले ई-चलान ऑनलाइन पाहता येतात, ते विकणाऱ्याकडून भरून घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली गाडी असेल तर तिला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का ते पाहा. सीएनजी असेल तर सिलिंडर दर तीन वर्षांनी तपासावा लागतो. त्याचा दाखला मागा आणि सिलिंडर मागची किती जागा खातो ते टेपने मोजा. सरकते दार दहा वेळा उघडून लावा. दिवसातून पन्नास वेळा तेच उघडायचे आहे. गाडी थंड असताना चालू करून पाहा. विकणारा आधीच तापवून ठेवत असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा. आणि शेवटी, मागे आडवे व्हा. लोक हसतील, हसू द्या.

कागदांविषयी दोन शब्द. मालवाहू गाडीचे एकूण वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून, ३००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. मात्र फिटनेस लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ती दोन-दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावी लागते. हलक्या गाडीचे लायसन्स असले की ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडीही चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले आहे. विमा काढताना "धंद्याचा माल नेणार" हे लपवू नका. खाजगी म्हणून विमा काढायचा आणि गठ्ठे वाहायचे, हे क्लेमच्या वेळी महागात पडते. चार पैसे वाचवण्यासाठी खोटे लिहिणे आपल्याला शोभतही नाही.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांवरचा आणि मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. जुना भाव सांगून कोणी कोटेशन देत असेल तर सावध राहा.

हिशेब

आता मुद्द्याची गोष्ट. टेम्पोचे भाडे एका बाजाराला १७०० रुपये, तीन बाजारांचे ५१००, चार आठवड्यांचे २०,४००. स्वतःच्या गाडीने आठवड्याला साधारण ३५० किलोमीटर होतात. पेट्रोल १०४ रुपये आणि लिटरला १३ किलोमीटर धरले तर आठवड्याला सुमारे २८००, महिन्याला ११,२००. सीएनजी ९० रुपये आणि किलोला १८ किलोमीटर धरले तर आठवड्याला १७५०, महिन्याला ७०००. विमा, टायर, दुरुस्ती, फिटनेस यांसाठी महिना ४००० बाजूला काढलेच पाहिजेत. म्हणजे पेट्रोलवर महिना ५२०० वाचतात आणि सीएनजीवर ९४००. गाडी ३ लाख २५ हजारांची. पेट्रोलवर तिचे पैसे फिटायला पाच वर्षांहून जास्त लागतात, सीएनजीवर तीन वर्षांच्या आत. "गाडी घेतली की भाडे वाचले" असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतःच्या आकड्यांनी मांडून पाहावा.

पैसे कसे उभे करायचे? त्यांच्याकडे फायनान्सचा कागद तयार होता. व्याजाचा मसला उलेमांना विचारावा, तो आमचा अधिकार नाही. व्यापारी म्हणून आम्ही एवढेच विचारले, "पावसाळ्यात दोन महिने बाजार बसत नाही तेव्हा हप्ता कोठून भरणार?" ते गप्प झाले. त्यांच्या घरात रोकड २ लाख ७० हजार होती. पण त्यातले १ लाख २० हजार मालाचे भांडवल. त्याला हात लावू नका असे आम्ही बजावले. दारात गाडी आणि गाडीत माल नाही, अशी अवस्था झालेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. उरले दीड लाख. भिशीचा नंबर त्याच महिन्यात लागला, ते एक लाख. कमी पडलेले ७५ हजार आम्ही कर्जे हसना म्हणून दिले. कागदावर लिहिले, दोन गवाहांच्या सह्या घेतल्या. घरचे संबंध आहेत म्हणून लिहायचे नाही, हे बरोबर नाही. कर्ज लिहून ठेवावे हा कुरआनचाच हुकूम आहे.

त्या कागदावर आम्ही एक अट घातली. मुलाची शाळा सुटणार नाही.

मुलाचा मसला

बाप नाराज झाला. म्हणाला, "मग गाडी कशाला? मला हाताखाली माणूस पाहिजे." तेव्हा आम्ही त्यांना त्यांच्याच कागदावरची तिसरी अट दाखवली. एका माणसाला एकट्याने माल भरता आला पाहिजे. गाडीचा तळ खाली, दार सरकते, माल पेट्यांत, फळ्या सुट्ट्या. भाड्याने आणलेल्या गाडीत शेवटच्या बाजारी त्यांनी घड्याळ लावून एकट्याने माल उतरवून पाहिला होता. चाळीस मिनिटे लागली. टेम्पोत दोघे मिळून तासभर घालवत. सोपी गाडी घेतल्याचा फायदा हाच की मुलाला शाळेतून काढायची गरज उरत नाही. अवघड गाडी घेतली असती तर मुलगा तिचा हमाल झाला असता.

कायदाही ध्यानात घ्यावा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला घरच्या धंद्यात हातभार लावता येतो, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीतच, आणि धोक्याच्या कामात नाही. हा मुलगा चौदाचा झाला आहे, पण वय सरकले म्हणून शाळेची गरज सरकत नाही. ज्या मुलाने एका रात्रीत फळ्यांचा नकाशा काढला त्याच्या हातात डिप्लोमाची वही पाहायला आम्हाला आवडेल. आम्ही स्वतः उर्दू शाळेतून दहावी करून गल्ल्यावर बसलो. गल्ल्याने रोजी दिली, अल्हम्दुलिल्लाह. पण इंग्रजीतले एक कोटेशन वाचायला आजही मुलाला हाक मारावी लागते.

शेवटी बापाने सही केली. मे महिन्यात गाडी आली. सुट्टीत बाप-लेकाने तिन्ही बाजार मिळून केले, रात्री फळीवर झोपले, सकाळी फजर पढून दुकान लावले. आदल्या रात्री पोचल्याने काष्टीला मोक्याची जागा मिळू लागली. पहाटेच मांडलेले दुकान आधी विकते, हे नव्याने सांगायला नको. जून लागला, मुलगा दहावीत गेला. आता शाळेच्या दिवसांत बाप एकटा जातो. सुट्टी जोडून आली की दोघे जातात.

परवा ते हप्त्याचे पैसे द्यायला आले. आम्ही विचारले, "एकट्याला करमते का?" ते म्हणाले, "रात्री फळी मोठी वाटते, शेठ. पण रविवारी तो हिशेब तपासून देतो. आमच्या बेरजेत चुका काढतो." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो चांगल्या बाजाराच्या दिवशीही आम्ही पाहिला नव्हता.

बांधवांनो, गाडी घ्या, जरूर घ्या. पण आधी माल तोला, जागा मोजा, भाड्याने नेऊन एक रात्र झोपून पाहा, हिशेब मांडा. आणि सोबत मुलगा असेल तर तो रात्री सुखरूप झोपेल आणि सोमवारी शाळेत पोचेल, अशीच गाडी निवडा. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि सफरीत हिफाजत करो. आमीन.